दिवसा झोपणारी भाडेकरू

नोंदणी कचेरीच्या तळघरात बावीस वर्षं एकच माणूस फाटकी रजिस्टरं बांधत बसला होता. त्याच्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्याच्या झाकणालासुद्धा खळीचा वास यायचा, म्हणून कचेरीत त्याला सगळे खळभाऊ म्हणायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे. वरच्या मजल्यावरचे कारकून रजिस्टरांचा कणा मोडेपर्यंत ती वाकवायचे, त्यांवर चहाचे पेले ठेवायचे, आणि पानं सुटी झाली की खाली पाठवून द्यायचे. खळभाऊ ती उसवायचा, पानं जुळवायचा, टोच्यानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं नव्यानं शिवायचा, कण्याला खळ फासून पुठ्ठा चढवायचा आणि वर दगड ठेवून वाळवायचा. दिवसाला सहा रजिस्टरं. हात चांगला बसलेला होता, एवढंच तो स्वतःबद्दल अभिमानानं सांगू शकला असता, पण तसं कुणी विचारत नसे.

बावीस वर्षांत तो एकही दिवस कचेरीचा नोकर नव्हता. तो ठेकेदाराचा माणूस होता. ठेकेदार दर तीन वर्षांनी बदलायचा आणि खळभाऊ टेबल-खुर्चीसारखा जुन्याकडून नव्याकडे जायचा. पगार तुटपुंजा होता, पण निदान पाच तारखेला हातात पडायचा. नवा ठेकेदार आला आणि पाच तारीख बारावर गेली, बारा वीसवर गेली, आणि नंतर तर तारीख विचारणंच लोकांनी सोडून दिलं. ठेकेदाराचा एक मुकादम होता. तो मान वर न करता सांगायचा, "पुढच्या आठवड्यात बघू." त्यातला पुढचा आठवडा नक्की कोणत्या आठवड्याच्या पुढचा, हे कुणालाच कळत नसे.

घरी तिघंजण. तो, बायको आणि शाळकरी लेक. वडिलांच्या मागे राहिलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या, त्यामुळे भाडं भरावं लागत नव्हतं. बाकी सगळं भरावं लागत होतं. खळभाऊला बिलांचे स्वभाव नातेवाइकांसारखे पाठ झाले होते. पाण्याचं बिल गरीब, दोन महिने वाट बघतं. विजेचं पंधरा दिवस गप्प बसतं आणि मग एकदम उसळतं. शाळेची फी मुख्याध्यापिकेच्या मर्जीवर. गॅसचं मात्र एक दिवसही ऐकून घेत नाही. कुणाला या महिन्यात नाराज करायचं ते ठरवणं, हे त्याचं दर महिन्याचं काम. ठरवून झालं की तो बायकोला सांगायचा, आणि बायको "बरं" म्हणायची.

बायकोही बसून नव्हती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. गणवेशाच्या एका दुकानासाठी ती शर्टांच्या कॉलरी आणि बाह्या शिवायची. सकाळी नवरा आणि लेक बाहेर पडले की मशीन सुरू व्हायचं ते दुपारी चारपर्यंत. त्या पैशांत किराणा आणि दूध भागायचं. ती कमी बोलायची, पण बोलायची तेव्हा मोजून मापून, कापड बेतल्यासारखं.

एकदा दोन महिन्यांचा पगार थकला तेव्हा भाड्यानं खोली द्यायची गोष्ट तिनंच काढली. जेवताना म्हणाली, आतली खोली आपण देऊन टाकू. खळभाऊचा घास हातातच राहिला. त्या खोलीत त्याचे वडील गेले होते, त्याच खोलीत लेक पहिल्यांदा पालथी पडली होती. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. बायको म्हणाली, लोकांनी अजून आपलं एकही बिल भरलेलं नाही. लेकीनं ताटात बघत विचारलं, मग मी अभ्यास कुठे करू? बायकोनं तिच्या ताटात भाजी वाढली. पण आठ दिवसांनी आतल्या खोलीतलं कपाट बाहेर आलं, पलंग तेवढा आत राहिला, आणि तिघांचं सगळं जगणं एका खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यापासून मशीनपर्यंतच्या जागेत, येऊन बसलं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं भाडेकरू पाठवली. तिशीची, उंच, सडपातळ, एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. हातात एक बॅग, दुसऱ्या हातात टेबलफॅन. तिला कायमची रात्रपाळी होती. संध्याकाळी साडेसातला जायची, सकाळी नऊला यायची. तिनं खोली बघितली, खिडकी उघडून बंद केली आणि विचारलं, "दिवसा इथे शांत असतं ना?" खळभाऊनं हो म्हटलं. त्या क्षणी त्याला ते खरंच वाटलं होतं, कारण दिवसा तो कधी घरी नसायचाच.

भाडं असं ठरलं की त्यात वीज, पाणी आणि शाळेची फी निघावी. पहिल्या महिन्याचं तिनं आगाऊ दिलं. खळभाऊ त्या महिन्यात वीज कंपनीच्या खिडकीवर मुदतीच्या चार दिवस आधी जाऊन उभा राहिला. खिडकीतल्या बाईनं बिलावरची तारीख बघितली, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा तारीख बघितली. तो घरी आला तेव्हा इतका खुशीत होता की बायकोनं विचारलं, काय, पगार झाला का? तो म्हणाला, नाही, बिल भरलं.

अडचण दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाली होती, फक्त ती त्याला उशिरा कळली. सिस्टर (घरात तिला सगळे असंच म्हणू लागले) सकाळी नऊला यायची, दोन घास खायची आणि दार लावून झोपायची. साडेनवाला बायकोचं मशीन सुरू व्हायचं. दोन्ही खोल्यांमध्ये एक भिंत आणि एक पातळ दार. सिस्टरनं तक्रार केली नाही. तीन दिवस ती लाल डोळ्यांनी कामावर गेली. चौथ्या दिवशी दुपारी दार उघडून बाहेर आली, मशीनशी उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमचं काम किती वाजता संपतं?" बायकोला त्या आवाजाचीच लाज वाटली. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं, असं ती नंतर नवऱ्याला म्हणाली.

मशीन जिन्याच्या चौकात नेऊन बघितलं. दोन दिवसांत खालचे, वरचे, समोरचे, सगळे येऊन सांगून गेले की जिना येण्याजाण्यासाठी असतो. मशीनखाली जुनी गोधडी घडी करून घातली. आवाज थोडा दबला, पण थरथर फरशीतून पलंगाच्या पायापर्यंत जायची. शेवटी ठरलं की मशीन सकाळी नवाच्या आधी आणि दुपारी चारनंतर चालवायचं. चारनंतर लेक शाळेतून यायची. तिला अभ्यासाला तीच खोली. मग मशीन साडेचार ते सहा, अभ्यास सहानंतर, आणि स्वयंपाक जमेल तेव्हा.

दिवसभर घरात कुजबुजीत बोलायची सवय लागली. भांडी घासताना बायको एकेक भांडं फडक्यावर ठेवायची. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भाजी उघड्या पातेल्यात शिजायची आणि तासभर गॅस जाळायची, त्याचं दुःख वेगळंच. सुट्टीच्या दिवशी खळभाऊला शिंक आली तर तो नाक दाबून जिन्यात पळायचा. महिन्याभरात तो कचेरीतही हळू बोलू लागला. हेडक्लार्कनं एकदा काळजीनं विचारलं, घसा दाखवला का कुणाला?

सिस्टर माणूस म्हणून वाईट नव्हती. हे सगळ्यांनाच जड जात होतं, कारण वाईट असती तर सोपं झालं असतं. लेकीला जीवशास्त्राच्या आकृत्या समजावून सांगायची. बायकोच्या खांद्यात कळ यायची तर कसा हात फिरवायचा ते दाखवून जायची. सुट्टीच्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून चहा घ्यायची आणि आपल्या आईबद्दल सांगायची. आई लांब गावी एकटी, दोन्ही गुडघे गेलेले, दर महिन्याला औषधांचे पैसे पाठवावे लागतात. सांगायची ते रडगाण्यासारखं नाही, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

चार महिने भाडं वेळेवर आलं. तेवढ्यात शाळा सुरू होण्याचे दिवस आले. गणवेशाच्या दुकानदारानं एकदम तीनशे कॉलरी पाठवल्या. दरवर्षी याच दिवसांत बायकोचं वर्षाचं गणित सावरायचं. पण दिवसाला दोन-अडीच तास मशीन चालवून तीनशे कॉलरी होत नाहीत. दुकानदारानं एकदा माणूस पाठवला, दुसऱ्यांदा स्वतः आला, तिसऱ्यांदा उरलेलं कापड उचलून पलीकडच्या गल्लीतल्या एकीला दिलं. बायकोनं त्या दिवशी मशीनला तेल घातलं, पुसलं, झाकण लावलं. खळभाऊ घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की काम गेलं. मग ताट वाढलं.

आणि पाचव्या महिन्यात भाडं आलं नाही.

सिस्टरनं स्वतःहून सांगितलं. हॉस्पिटलच्या मालकानं नवी इमारत काढली आहे, नर्सेसचे पगार अडलेत, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देते. खळभाऊ म्हणाला, काही हरकत नाही. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. सहाव्या महिन्यातही तेच झालं. या वेळी सिस्टर सांगायला थांबली नाही. नजर चुकवून आत जायची, नजर चुकवून बाहेर पडायची. दाराची कडी ती इतक्या हळू लावायची की आता घरात कुजबुजीनं वावरणारी माणसं तीन नव्हे, चार झाली.

बायको म्हणाली, "विचारा तिला." खळभाऊ म्हणाला, विचारतो. दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, योग्य वेळ बघतो. खरं म्हणजे तो रोज सकाळी दाढी करताना वाक्यं जुळवत होता. 'सिस्टर, जरा बोलायचं होतं.' हे वाक्य चांगलं होतं, पण त्याच्या पुढचं सुचत नसे. किराणावाला त्याला कसं विचारतो, ते त्याला आठवायचं. आधी तब्येत विचारायची, मग लेकीचा अभ्यास, मग हसत हसत, 'तेवढं मागचं बघा'. तसं हसून आपण दुसऱ्या कुणाला विचारायचं, हे त्याच्याच्यानं होईना.

तशात खालच्या मजल्यावरच्या बाईनं बायकोच्या कानात भरलं की हॉस्पिटलं कधी पगार अडवत नाहीत, ही मुलगी पैसे साठवत असणार. बायकोचा त्यावर विश्वास बसला नाही, पण अविश्वासही नीट बसला नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, "घरात जमत नसेल तर तिथे जाऊन विचारा. निदान खरं काय ते कळेल."

म्हणून एका संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर खळभाऊ चालत हॉस्पिटलात गेला. बसचे पैसे वाचवले. दिवस अजून पुरता मावळला नव्हता. आतल्या लांब मार्गिकेत फिनेलचा वास होता, आणि टोकाला हिशेबाची खिडकी होती. खिडकीपुढे पाच-सहा नर्सेस उभ्या होत्या आणि त्यांत सिस्टर, खिडकी बंद व्हायच्या आत म्हणून पाळीच्या आधीच आलेली. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती वाकून आत काही सांगत होती. आत एक तरुण कारकून मोबाइलमध्ये बघत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बघू."

खळभाऊला वाटलं, हा माणूस आपल्या मुकादमाचा भाऊ असावा. तो एका खांबामागे सरकला. नर्सेस पांगल्या. सिस्टर जिना चढून वॉर्डात गेली. तो मागोमाग दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. एका म्हाताऱ्या बाईनं सिस्टरचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती काहीतरी तक्रार करत होती. सिस्टर हसत होती. दुसऱ्या हातानं तिनं म्हातारीची उशी उलटी केली, थंड बाजू वर आणली, तिचं डोकं उचलून ठेवलं. दहा मिनिटांपूर्वी खिडकीशी उभी होती ती हीच का, असं वाटावं इतकी ती वेगळी दिसत होती. खळभाऊ दारात उभा होता, हातात रिकामा डबा. ठरवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग तो वळला आणि घरी आला.

"भेटली नाही," त्यानं बायकोला सांगितलं.

तिनं पाणी दिलं, आणि तो पिऊन होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

त्यानंतर बाराव्या दिवशी, शनिवारी, अर्ध्या दिवसाची कचेरी संपवून तो घरी आला तेव्हा जिन्यातच त्याला कळलं. मीटरच्या पेटीत त्यांच्या फ्यूजचा कटआउट नव्हता. लाइनमन साडेअकराला येऊन काढून घेऊन गेला होता. बरोबर कागद होता, सही होती, बायकोनं वाद घातला नव्हता. वर घरात उकाड्यानं जीव नको झाला होता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं. सिस्टर मशीनसमोरच्या स्टुलावर बसली होती. केस मोकळे, झोप अर्धवट, गालावर उशीचा वळ. पंखा बंद पडल्यावर ती घामानं जागी झाली होती आणि बाहेर येऊन तिनं काय झालं ते विचारलं होतं. बायको ओट्याशी भाजी चिरत होती.

खळभाऊ आत आला, त्यानं डबा ठेवला. बायकोनं विळी बाजूला सारली, हात पुसले आणि सिस्टरच्या समोर जमिनीवर येऊन बसली.

"सिस्टर, मी आता स्पष्टच बोलते. तुम्ही बुडवणाऱ्यांतल्या नाही, हे मला कळतं. पण तुम्हाला खोली दिल्यापासून माझं मशीन बंद आहे. तुमचं भाडंही नाही आणि माझी शिलाईही नाही. दोन्ही बाजूंनी मला परवडत नाही. तुम्ही खोली सोडा."

खळभाऊ म्हणाला, "अगं, आत्ता लगेच कशाला..."

"मग कधी?" बायकोनं विचारलं. आवाज चढवला नव्हता.

सिस्टर आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला दोन महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं, काकू. तुम्ही मशीनवर झाकण घातलंत त्याच दिवशी." केस बांधत म्हणाली, "उद्या जाते. हॉस्पिटलच्या मागे चौघीजणी एका खोलीत राहतात, पाचवीला जागा करतील."

"उद्याच असं नाही. पंधरा तारखेपर्यंत राहा."

"नको. पंधरापर्यंत पुन्हा भाडं चढेल."

हे ती हसून म्हणाली, आणि बायकोही जराशी हसली. खळभाऊला मात्र खूप थकल्यासारखं झालं. तो जाऊन खिडकीत उभा राहिला. लेक दप्तर घेऊन जिना चढत होती, वर आल्यावर तिला काय सांगायचं ते त्याला ठरवायचं होतं. पण लेकीनं पंखा बघितला, बटण दोनदा खालीवर केलं, सिस्टरकडे बघितलं, आणि काही न विचारता वह्या घेऊन मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. पंधरा वर्षांच्या मुलीला इतकं न विचारता कळू नये, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी सिस्टरची बॅग त्यानं उचलली. टेबलफॅन तिनं दारातच ठेवला होता. म्हणाली, काकू, हा राहू द्या, भाड्यातून वळता करा. बायकोनं तो उचलून तिच्या हातात दिला. म्हणाली, पाच जणी आहात एका खोलीत, उकाडा होईल. शिवाय आमच्याकडे लावायला वीज कुठाय.

बसथांब्यावर दोघं उभी राहिली. बस लवकर येईना. खळभाऊ कचेरीबद्दल काहीबाही सांगत राहिला. सिस्टर ऐकत होती. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही हॉस्पिटलात आला होतात ना? मी बघितलं तुम्हाला, खांबापाशी. नंतर वॉर्डाच्या दारात पण."

खळभाऊचे कान गरम झाले. तो म्हणाला, एका ओळखीच्या माणसाला बघायला आलो होतो.

"मागायला आला होतात," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, आता मागतील. त्या दिवशी माझ्याकडे पैसे होते, काका. एका पेशंटच्या घरी जाऊन मी महिनाभर सेवा केली होती, त्याचे त्याच्या मुलीनं दिले होते. एका महिन्याच्या भाड्याएवढे होते. तुम्ही मागितले असते तर मी दिले असते. तुम्ही गेलात. मग मला वाटलं, यांना अजून थोडं थांबता येतंय. दुसऱ्या दिवशी आईला पाठवून दिले."

खळभाऊनं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एका महिन्याच्या भाड्यात विजेचं थकलेलं सगळं निघालं असतं. लाइनमन आला नसता. हिला रविवारी बॅग उचलावी लागली नसती. त्याच्या त्या न मागण्याला तो स्वतःशी चांगुलपणा म्हणत होता, गेले बारा दिवस रोज.

"राग धरू नका," सिस्टर म्हणाली. "मीपण मागत नाही नीट. म्हणून तर खिडकीवर उभी असते."

बस आली. त्यानं बॅग वर चढवून दिली. तिनं खिडकीतून हात हलवला आणि बस वळायच्या आतच डोकं टेकून डोळे मिटले. रात्रपाळी करून आली होती.

सोमवारी खळभाऊ तळघरातून वर गेला आणि मुकादमासमोर उभा राहिला. मुकादमानं मान वर न करता नेहमीचं सांगितलं. खळभाऊ तिथून हलला नाही. त्यानं दुसरं काहीच केलं नाही, नुसता उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खाली रजिस्टरं वाळत होती. मुकादमानं शेवटी वर बघितलं आणि विचारलं, काय आहे? खळभाऊ म्हणाला, "माझ्या घरची वीज तोडलीय. माझा पगार द्या." त्याचा आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या टेबलावरचे दोन कारकून लिहायचे थांबले. कित्येक महिन्यांत तो इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता. मुकादमानं ठेकेदाराला फोन लावला. दुपारी अर्ध्या महिन्याचा पगार हातात आला. अडीच महिन्यांचा बाकी होता, पण अर्धा आला. हेडक्लार्कनं घरची दोन जुनी पुस्तकं बांधायला दिली आणि त्याचे पैसे आधीच दिले. बुधवारी वीज आली. पुन्हा जोडायचा आकार वेगळा लागला, तो थकबाकीच्या जवळजवळ निम्मा होता.

मशीन पुन्हा सुरू झालं, पण गणवेशाचा हंगाम संपला होता. पलीकडच्या गल्लीतली बाई चांगलं शिवते, असं दुकानदारानं सांगितलं, आणि बायकोनंही कबूल केलं की ती चांगलंच शिवते. मग बायको उसवलेले कपडे, चेन बदलणं, पडदे आखूड करणं असली किरकोळ कामं घेऊ लागली. पैसे थोडे, उस्तवार फार. खळभाऊ संध्याकाळी तासभर एका झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प बांधायला जाऊ लागला. तिथे खळ चालत नसे, प्लास्टिकचं स्पायरल असे, पानं मशीनमध्ये घालून दांडा ओढायचा. बावीस वर्षांचा हात तिथे कशाच्याच कामाचा नव्हता. घरी यायला आठ वाजायचे. जेवण झालं की बसल्या जागी त्याचे डोळे मिटायचे.

लेक सहामाही परीक्षेत बऱ्यापैकी पास झाली. जीवशास्त्रात सगळ्यात जास्त गुण पडले.

तीन महिन्यांनी सिस्टर आली. हॉस्पिटलनं नर्सेसना थोडे पैसे दिले होते. तिनं एका महिन्याचं भाडं आणलं होतं. दुसऱ्याचं नंतर देते म्हणाली. बायकोनं पैसे घेतले, तिला बसवलं, जेवायला वाढलं. आतली खोली रिकामीच होती. कुणीच त्या खोलीचा विषय काढला नाही. दुसऱ्या महिन्याचं भाडं अजून यायचंय. येईलही, बायको म्हणते, ती आणेल. खळभाऊ मात्र ते पैसे धरून चालत नाही.

बसथांब्यावरची गोष्ट त्यानं बायकोला बरेच दिवस सांगितली नव्हती. सिस्टर जेवून गेली त्या संध्याकाळी सांगितली. बायको कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. तो थांबला तरी तिचे हात चालूच होते. मग तिनं ब्लेड खाली ठेवलं.

"भेटली नाही म्हणालात, तेव्हाच मला कळलं होतं की भेटली असणार," ती म्हणाली.

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके दमून आला होतात." तिनं धाग्याचे तुकडे तळहातावर गोळा केले. "मीही दमले होते. म्हटलं, उद्या बोलू. मग तो उद्या राहूनच गेला."

तिनं पँट उजेडाकडे धरून बघितली, दुसरी शिवण उसवायला घेतली, आणि विचारलं की या महिन्यात पाण्याचं थांबेल का. तो म्हणाला, थांबेल, दोन आठवडे तरी. मग तो तिच्याजवळ सरकला, आणि तिनं उसवलेल्या बाजूचे धागे एकेक करून ओढून काढू लागला.